सर डोनाल्ड बेली

इंग्लंडमधील रॉदरहॅम या पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी १५ सप्टेंबर १९०१ रोजी डोनाल्ड बेली यांचा जन्म झाला. शेफील्ड विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून, पुढे काही नोकऱ्या केल्यावर, ते क्राइस्टचर्च येथील लष्कराच्या पूल-संशोधन केंद्रात मुलकी अभियंता म्हणून रुजू झाले. पुलांच्या लहान प्रतिकृती बनविणे हा त्यांचा छंद होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रणगाडे अधिकाधिक जड होत गेले आणि लष्कराचे जुने पूल त्यांचा भार पेलेनासे झाले. बेली यांची कल्पना पूर्वी कोणी मनावर घेतली नव्हती. १९४० मध्ये दुसऱ्या एका पुलाची चाचणी फसली. तेथून परतताना बेली यांनी एका पाकिटाच्या पाठीवर आपल्या पुलाचे रेखाटन केले, असे सांगतात.

ही रचना वरकरणी अगदी साधी आहे. पुलाचा मुख्य घटक म्हणजे दहा फूट लांब व पाच फूट उंच असा पोलादी सांगाडा. त्याचे वजन सुमारे २६० किलोग्रॅम. म्हणजे सहा जवानांनी उचलावा एवढेच. सांगाडे एकापुढे एक ठेवून पिनांनी जोडायचे. भार अधिक असेल तर शेजारी किंवा वर आणखी सांगाडे चढवायचे. जोडलेला पूल रोलरांवरून पुढे ढकलत पलीकडच्या काठाला टेकवायचा. ना यारीची गरज, ना नदीत खांब उभारण्याची! १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये ट्युनिशियात हा पूल प्रथम युद्धात उतरला. इटलीत सांग्रो नदीवर तो हजार फुटांहून अधिक लांब उभारला गेला.

१९४६ मध्ये बेली यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. मात्र आपल्या पुलातील काही भाग त्यांनी उचलला, असा दावा हॅमिल्टन या अभियंत्याने केला. शोधाचे श्रेय सहसा वादाशिवाय मिळत नाही. ५ मे १९८५ रोजी बेली यांचे निधन झाले.

आपल्या देशातही हा पूल अनोळखी नाही. २०२४ मध्ये केरळातील वायनाड येथे दरडी कोसळल्या, तेव्हा चूरलमला येथे सैन्याने १९० फुटांचा बेली पूल बांधला आणि त्यावरून मदतकार्याची यंत्रे पलीकडे गेली.

अशा पुलाचे जतन करणे मात्र अवघड असते. किल्ला वा मंदिर टिकण्यासाठी बांधतात; हा पूल तर काम संपताच सोडवून दुसरीकडे न्यावा, म्हणूनच घडविलेला. नदीवर पक्का पूल झाला, की जुने सांगाडे अन्यत्र जातात, नाहीतर भंगारात. तरीही क्राइस्टचर्च गावाने आपली आठवण राखली आहे. तेथे या पुलाचा एक भाग रस्त्याकाठी मांडून ठेवला आहे. जवळच्या स्टॅनपिट दलदलीतील एका ओढ्यावर पुलाचा प्रारंभीचा एक नमुना अजून उभा असून, फिरायला येणारे लोक त्यावरून ये-जा करतात.