आहुपेचा कूड ते सेवाग्रामची कुटी: माती-बांबूचे घर उभारणाऱ्या मीराबेन कोण होत्या?

मीठ, बर्फ, पुठ्ठा यांच्या इमारतींचे फोटो आपण हौसेने शेअर करतो. पण महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध मातीची कुटी एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या मुलीने उभारली, हे अनेकांना माहीत नसते. जाणून घेऊया तिची गोष्ट.

बोलिव्हियातील उयुनीच्या मिठागराकाठी मिठाच्या ठोकळ्यांचे हॉटेल आहे. स्वीडनच्या उत्तरेला युक्कासयार्वी गावात दर हिवाळ्यात बर्फाचे हॉटेल बांधले जाते. अमेरिकेतील रॉकपोर्टमध्ये १९२२ साली एका अभियंत्याने वर्तमानपत्रांच्या थरांपासून घराच्या भिंती करायला घेतल्या. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०११ च्या भूकंपानंतर पुठ्ठ्याच्या भक्कम नळ्या वापरून चर्च उभे राहिले. वेगळ्या साहित्याच्या इमारतींची यादी निघाली की ही नावे हमखास येतात.

या यादीत न येणारी एक भिंत पुणे जिल्ह्यातच आहे. घोडेगाव, डिंभे मागे टाकून सह्याद्रीच्या कड्याकडे गेले की आंबेगाव तालुक्याच्या टोकाला आहुपे लागते. गावाची देवराई आणि कोकणात मुरबाडकडे उतरणारा आहुपे घाट भटक्यांच्या ओळखीचा आहे. महादेव कोळी समाजाच्या या पट्ट्यातील जुन्या घरांच्या भिंती विटांच्या नसतात. त्या असतात कारवीच्या.

कारवीची भिंत म्हणजे नेमके काय?

कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे झुडूप आहे. साधारण सात वर्षांनी एकदा तिला एकाच वेळी निळा-जांभळा बहर येतो, बी पडते आणि झाड वाळते. मागे राहतात सरळ, चिवट काठ्या. जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढींमध्ये या काठ्या उभ्या लावून बांधतात. हा झाला कूड. त्यावर दोन्ही बाजूंनी माती आणि शेणाचा लेप देतात.

रचना साधी आहे, पण त्यामागे इंजिनिअरिंग आहे. माती दाब सहन करते, ताण मात्र सहन करत नाही. त्यामुळे नुसता मातीचा थर वाळला की तडकतो. आतल्या काठ्या आणि शेणातील गवताचे तंतू हा ताण घेतात. सिमेंट काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या हेच काम करतात.

हीच पद्धत, स्थानिक साहित्य बदलून, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात १९३६ नंतर वापरली गेली. तिथे उभी राहिलेली कुटी पाहायला आज देश-विदेशातून लोक येतात.

मीराबेन मूळच्या कोण?

त्यांचे मूळ नाव मॅडलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंडमध्ये. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात वरिष्ठ अधिकारी होते. मॅडलिन यांचे बालपण बरेचसे आजोळच्या मोठ्या घरात, घोडे, गाई आणि बागेच्या संगतीत गेले. शाळेपेक्षा शेतावर रमणारी ही मुलगी पियानोही वाजवत असे. बीथोवनच्या संगीताने तर तिला झपाटून टाकले.

वडिलांची नेमणूक ईस्ट इंडीज ताफ्याच्या प्रमुखपदी झाली, तेव्हा किशोरवयीन मॅडलिन पहिल्यांदा मुंबईला आल्या. जवळपास दोन वर्षे त्या इथे होत्या. पण तो भारत होता साहेबांच्या बंगल्यांचा, मेजवान्यांचा आणि नोकरचाकरांचा. खऱ्या देशाशी त्यांची गाठ पडली नाही आणि त्या परत गेल्या.

मग त्या गांधीजींपर्यंत कशा पोहोचल्या?

बीथोवनमुळे. बीथोवनवर लिहिणारे फ्रेंच लेखक रोमां रोलां यांना भेटायला त्या स्वित्झर्लंडला गेल्या. बोलण्यात रोलां यांनी गांधीजींचा उल्लेख केला. त्यांनी गांधीजींवर नुकतेच एक छोटे पुस्तक लिहिले होते. मॅडलिन यांनी ते वाचले आणि भारतात जायचे ठरवले.

पण त्या लगेच निघाल्या नाहीत. आधी वर्षभर तयारी केली. मांसाहार आणि मद्य सोडले, जमिनीवर बसायची आणि झोपायची सवय केली, सूतकताई शिकल्या, उर्दूचे धडे घेतले. ६ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या मुंबईत उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादच्या साबरमती आश्रमात पोहोचल्या. तिथे गांधीजींनी त्यांना मीरा हे नाव दिले. तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले, तेव्हा मीराबेन सोबत होत्या. ज्या शहरात त्यांच्या घराण्याचा दबदबा होता, तिथे त्या खादीच्या साडीत फिरल्या. परतल्यावर सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी तुरुंगवासही भोगला.

सेगावात काय घडले?

दांडी यात्रेला निघताना, १२ मार्च १९३० रोजी, स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही असे गांधीजींनी ठरवले होते. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून त्यांनी वर्ध्यात मुक्काम केला. मात्र वर्धा शहर होते. गांधीजींना खेड्यात राहायचे होते.

त्यांच्या आधी खेड्यात गेल्या मीराबेन. आधी वर्ध्यालगतच्या सिंदी गावात त्यांनी सफाईचे काम केले. मग शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या सेगावात त्या राहायला गेल्या. तिथे धड रस्ता नव्हता, मलेरियाचा त्रास होता. गावात दलित वस्ती मोठी होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही सेगावात आले.

घर बांधण्यासाठी गांधीजींच्या अटी कडक होत्या. खर्च १०० रुपयांच्या आसपास ठेवायचा. साहित्य आसपास मिळेल तेच आणि काम करणारेही आसपासचेच. या अटींत बसणारी पहिली वास्तू म्हणजे आदि निवास. तिच्या उभारणीत मीराबेन यांचा मोठा वाटा होता.

पण एकाच छपराखाली गांधीजी, कार्यकर्ते आणि पाहुणे अशी गर्दी होऊ लागली. मीराबेन यांनी स्वतःसाठी जवळच एक वेगळी कुटी बांधली. वास्तुशास्त्राचे कोणतेही शिक्षण नसलेल्या त्यांच्या हातून या काळातली सर्वांत टिकाऊ निर्मिती झाली ती ही.

ही कुटी कशाची बनली आहे?

लाकडी खांब, बांबू, माती, शेण आणि वर मातीची कौले. तळाला सारवलेली जमीन. छप्पर उतरते आहे आणि भिंतीच्या बरेच बाहेर आलेले आहे.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. मातीच्या भिंतीचा पहिला शत्रू पाणी. पावसाच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर बाहेर काढलेले. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू नये म्हणून जोते उंच. विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. माती हवेतील ओल शोषते आणि कोरड्या दिवसांत ती परत सोडते.

दुसरा शत्रू वाळवी. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे सतत लक्ष. दरवर्षी सारवायचे, खराब झालेला बांबू बदलायचा, कौले फेरायची. अशी इमारत एकदा बांधून विसरता येत नाही.

मीराबेन यांनी आतल्या भिंतींवर मातीचेच उठाव काढले. त्यात ॐ आहे, ताडाची झाडे आहेत, चरखा आहे. त्यासाठी रंग किंवा बाहेरचे कोणतेही साहित्य लागले नाही. भिंतीची माती हेच चित्राचे साहित्य होते.

मीराबेन यांच्या कुटीची ‘बापू कुटी’ कशी झाली?

आदि निवासात कामासाठी शांतता मिळेना, तेव्हा गांधीजी मीराबेन यांच्या कुटीत राहायला आले. गरजेप्रमाणे तिच्यात थोडे बदल झाले. तिथून ती बापूंची झाली. १९४० साली सेगावचे नाव सेवाग्राम झाले आणि देशाच्या राजकारणातले मोठे निर्णय या सारवलेल्या जमिनीवर बसून चर्चिले जाऊ लागले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यात जो ठराव केला, त्यातूनच पुढे ‘छोडो भारत’ची हाक निघाली. व्हाइसरॉयच्या कार्यालयाला तो ठराव समजावून सांगायला मीराबेन यांनाच पाठवण्यात आले होते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींसोबत त्यांनाही अटक झाली. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये त्यांना ठेवण्यात आले. तिथेच १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोन्ही मृत्यूंच्या वेळी मीराबेन तिथे होत्या. मे १९४४ मध्ये सुटका झाली.

सेवाग्रामला येणारे आज बापू कुटीच्या दारात चपला काढतात, आत डोकावतात, हात जोडतात. आधी ही कुटी कोणाची होती, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मीराबेन यांनी मात्र त्याबद्दल हक्क सांगितला नाही.

त्यानंतर मीराबेन कुठे गेल्या?

सुटकेनंतर त्या उत्तरेकडे वळल्या. रुरकीजवळ त्यांनी किसान आश्रम सुरू केला, मग ऋषिकेशजवळ पशुलोक. पुढे टिहरी गढवालमध्ये भिलंगणा नदीच्या खोऱ्यात गोपाल आश्रम काढला. तिथेही त्यांची नजर साहित्यावरच गेली, पण या वेळी उभ्या झाडांवर. डोंगरातले बांज म्हणजे ओकचे जंगल कमी होत होते आणि त्याच्या जागी चीड वाढत होते. बांजाच्या पाल्याने जमीन भुसभुशीत राहते आणि पाणी मुरते. चीडच्या सुयांखाली तसे होत नाही. उत्तरेतील पुरांचा संबंध या बदलाशी आहे, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून सरकारपुढे मांडले. चिपको आंदोलन सुरू व्हायला तेव्हा वीसेक वर्षे होती.

या इशाऱ्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. त्यांचे अनेक प्रयोगही तडीस गेले नाहीत. १९५९ साली त्यांनी भारत सोडला. काही काळ इंग्लंडमध्ये राहून त्या ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ स्थायिक झाल्या. ज्या संगीतकारामुळे त्या गांधीजींपर्यंत पोहोचल्या, त्याच्याच प्रदेशात उरलेली वर्षे गेली. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण जाहीर केले. २० जुलै १९८२ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात मीराबेन यांची भूमिका जेराल्डिन जेम्स यांनी केली आहे.

आज याचे महत्त्व काय?

सिमेंट तयार करताना भट्टीचे तापमान सुमारे १४५० अंशांपर्यंत न्यावे लागते. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. कारवी, बांबू आणि माती यांना भट्टी लागत नाही. घर पडले तरी त्याचा राडारोडा होत नाही, माती मातीत जाते.

पण कागदोपत्री चित्र वेगळे आहे. जनगणनेच्या वर्गवारीत माती, गवत, बांबू यांच्या भिंती कच्च्या आणि भाजलेल्या विटा, दगड, काँक्रीट यांच्या भिंती पक्क्या मानल्या जातात. कौले मात्र पक्क्या छपरात मोडतात. या हिशेबाने बापू कुटीही फार तर अर्धपक्की ठरेल. घरकुल योजनेचे उद्दिष्टही कच्च्या घराच्या जागी पक्के घर हेच आहे.

आहुपेसारख्या गावात लोक वीट-सिमेंटकडे वळतात, त्यामागे ठोस कारणे आहेत. मुसळधार पावसात कुडाची भिंत दरवर्षी नव्याने लिंपावी लागते. ते काम बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला येते. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत कारवी किंवा बांबू तोडण्यावर निर्बंध आहेत. कामासाठी माणसे शहरात गेली की कूड बांधायला हात उरत नाहीत. पक्क्या भिंतीमुळे हा सगळा त्रास वाचतो.

आफ्रिकेतील माली देशात जेने शहराची मोठी मशीद पूर्ण मातीची आहे. आताची इमारत १९०७ सालची. दरवर्षी सारे शहर एकत्र येऊन तिला मातीचा नवा लेप देते आणि त्या दिवशी उत्सव असतो. सेवाग्रामची कुटी जपण्यासाठी आश्रम प्रतिष्ठान आहे. आहुपेच्या घराला असा आधार नाही. तिथली भिंत एका कुटुंबाच्या कष्टावर उभी असते, आणि ते कुटुंब थकले की पुढच्या पावसाळ्याआधी तिच्या जागी वीट येते.

मीराबेन यांच्या कुटीला जवळपास ९० वर्षे होत आली. दरवर्षी कोणी ना कोणी ती सारवते, कौले फेरते, म्हणून ती अजून उभी आहे.