नूट रॉकनी : शिष्यांनी गुरूला वेदीपाशी नेले

आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली. त्याच्या पुढल्याच वर्षी, ४ मार्च १८८८ रोजी, नॉर्वेतील व्हॉस या गावी एका लुथरन कुटुंबात नूट रॉकनी यांचा जन्म झाला. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. नागपूर-कामठीच्या आपल्या तरुणांना फुटबॉल परिचित आहे. परंतु हा खेळ निराळा. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढावी लागते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

नूट पाच वर्षांचे असताना हे कुटुंब शिकागोला स्थलांतरित झाले. घरची परिस्थिती बेताची. शालेय वयानंतर काही वर्षे त्यांनी टपाल कार्यालयात नोकरी करून पैसे साठविले व १९१० साली, बाविसाव्या वर्षी, इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात प्रवेश घेतला. फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापिलेली ही पवित्र क्रूस संघाची संस्था पवित्र मरियेच्या नावाने ओळखली जाते. तेथे त्यांनी रसायनशास्त्रज्ञ फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम केले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी बलाढ्य लष्करी अकादमीच्या संघाला नोत्र दामने ३५-१३ असे हरविले. गस डोरे यांनी चेंडू लांब फेकावा आणि रॉकनी यांनी धावत जाऊन तो झेलावा, या डावपेचाने सारे थक्क झाले.

१९१८ साली ते संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९२४चा हंगाम. त्या काळी इंडियानात कॅथलिकद्वेषी कु क्लक्स क्लान संघटनेचे मोठे प्राबल्य होते. मे १९२४ मध्ये विद्यापीठालगतच्या साउथ बेंड शहरात क्लानने मेळावा भरविला आणि नोत्र दामचे विद्यार्थी रस्त्यावर त्यांच्याशी भिडले. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी स्वतः जमावापुढे उभे राहून विद्यार्थ्यांना शांत केले व परत पाठविले. मुलांच्या मनातील अपमान मात्र सहजी शमणारा नव्हता. त्याला मुठीऐवजी मैदानावर उत्तर देण्याची संधी शरद ऋतूत आली.

हॅरी स्टुलड्रेहर, डॉन मिलर, जिम क्राउली व एल्मर लेडन हे आघाडीचे चौघे अंगाने किरकोळच होते. त्यांची मदार चपळाईवर व परस्परांच्या अचूक मेळावर होती. १८ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी लष्करी संघाला १३-७ असे नमविले. पत्रकार ग्रँटलंड राइस यांनी आपल्या वृत्तांतात त्यांना प्रकटीकरणाच्या ग्रंथातील चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि ते नाव कायमचे चिकटले. त्यांना वाट करून देणाऱ्या सात जणांना लोक खेचरे म्हणू लागले. त्यांचा कर्णधार ॲडम वॉल्श दुखावलेल्या हातांनिशी तो सामना खेळला होता. नेब्रास्काने १९२२ व १९२३ अशी दोन्ही वर्षे नोत्र दामला हरविले होते; या खेपेस नोत्र दामने ३४-६ असा विजय मिळविला. हंगामाची सांगता १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात रोझ बोल सामन्याने झाली. स्टॅनफर्डवर २७-१० असा विजय मिळाला. दहापैकी दहा सामने जिंकले गेले. संघाने २८५ गुण केले व ५४ दिले.

प्रवासात असतानाही हे खेळाडू मिस्सा चुकवीत नसत. पुढे कार्डिनल झालेले फादर जॉन ओहारा त्यांच्यासोबत असत. सामन्याच्या दिवशी मुले झोपमोड करून पवित्र कम्युनियनला जातात, हे रॉकनी वर्षानुवर्षे पाहत होते. शिस्त शिकविणारा हा गुरू या बाबतीत मात्र केवळ प्रेक्षक होता. त्याची त्यांना खंत वाटू लागली. कोणी त्यांच्यामागे आग्रह धरला नव्हता. मुलांच्या आचरणाने जे व्हायचे ते झाले. २० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठातील लाकडी चॅपेलमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या दिवशी आपल्या लहान मुलासमवेत त्यांनी प्रथम कम्युनियन स्वीकारले.

रॉकनी निर्दोष होते असे नव्हे. १९२० साली निधन पावलेला त्यांचा लाडका खेळाडू जॉर्ज गिप याची अंतिम इच्छा म्हणून त्यांनी १९२८ साली संघाला जी हृदयस्पर्शी कथा सांगितली, तिच्या सत्यतेविषयी चरित्रकार साशंक आहेत. कामाचा अतिरेकही त्यांना भोवला. १९२९ साली पायाच्या शिरांच्या विकाराने ग्रासल्यावर त्यांनी चाकांच्या खुर्चीतून प्रशिक्षण दिले. तरीही १९२९ व १९३० असे दोन्ही हंगाम संघ अपराजित राहिला. तेरा वर्षांत त्यांच्या संघांनी १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सुटले.

३१ मार्च १९३१ रोजी, पवित्र सप्ताहातील मंगळवारी, कॅन्सस राज्यातील बझार गावाजवळ त्यांचे विमान कोसळले. विमानाचा लाकडी पंख हवेतच निखळला होता. आठही जण मृत्युमुखी पडले. रॉकनी अवघे ४३ वर्षांचे होते. पवित्र शनिवारी येशूच्या पवित्र हृदयाच्या मंदिरात त्यांचा अंत्यविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण उजाडला.

बंधू-भगिनींनो, आपल्या शाळांच्या मैदानांवर आपण मुलांना पुष्कळ काही शिकवितो. ती आपल्यालाही काही शिकवीत असतात. रविवारी पहाटे आपल्या घरातील एखादे मूल मिस्सेसाठी आपल्याआधी उठत असेल, तर त्याच्या मागोमाग जाण्यात कोणताही कमीपणा नाही. रॉकनी यांना तो वाटला नाही.