दुसऱ्यांची गाणी, तिचा आवाज

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणी जुनं गाणं म्हटलं की, स्वतःचं काही आहे की नाही, असा शेरा हमखास येतो. तुम्हीही गिटार घेऊन कव्हर्स गात असाल, तर हा टोमणा तुम्ही खाल्ला असेलच. मग ईव्हा कॅसिडी तुम्हाला माहीत असायलाच हवी. तिने जवळपास आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी गायली.

ईव्हाचा जन्म २ फेब्रुवारी १९६३ चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डीसीचा. वाढली शेजारच्या मेरीलँड राज्यात. वडिलांनी तिला नऊ वर्षांची असताना गिटार शिकवली. पण पोरगी कमालीची लाजाळू. स्टेजवर उभं राहायचं म्हणजे तिला संकटच वाटायचं. मोठी झाल्यावर ती दिवसा एका नर्सरीत, म्हणजे रोपवाटिकेत काम करायची, चित्रं काढायची आणि रात्री क्लबमध्ये गायची.

ख्रिस बियाँडो या निर्मात्याच्या स्टुडिओत ती इतरांच्या गाण्यांना मागे कोरस द्यायची. तिथलं तिचं रेकॉर्डिंग वॉशिंग्टनचा लाडका गायक चक ब्राऊन याच्या कानावर पडलं आणि १९९२ मध्ये दोघांचा ‘द अदर साइड’ हा अल्बम आला. आता मोठ्या कंपन्यांची दारं उघडतील असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. ईव्हा जॅझ गायची, ब्लूज गायची, लोकगीतं, गॉस्पेल, पॉप, सगळंच गायची. कंपन्यांचा सवाल एकच : हिला दुकानातल्या कुठल्या कप्प्यात ठेवायचं? एक प्रकार निवड, मग बघू. ईव्हाने निवडला नाही.

शेवटी कुठल्याही बड्या कंपनीशिवायच अल्बम करायचं ठरलं. जानेवारी १९९६ मध्ये जॉर्जटाऊनमधल्या ‘ब्लूज अ‍ॅली’ या छोट्या जॅझ क्लबमध्ये दोन रात्री लाइव्ह रेकॉर्डिंग झालं. पहिल्या रात्री तांत्रिक बिघाड झाला आणि ते रेकॉर्डिंग वाया गेलं. राहिली फक्त दुसरी रात्र, ३ जानेवारी. त्यात ईव्हाला सर्दी. तिला स्वतःचा आवाज इतका खटकला की अल्बम काढायलाच ती तयार होईना. मित्रांनी बरीच मनधरणी केली, तेव्हा कुठे ‘लाइव्ह अ‍ॅट ब्लूज अ‍ॅली’ बाहेर आला. त्यात आयर्विंग बर्लिनची गाणी आहेत, सायमन आणि गारफंकलचं आहे, स्टिंगचंही आहे. स्टिंगचं ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’ तिने जवळजवळ एकट्या गिटारवर तोललंय. मूळ गाणं तुम्हाला पाठ असलं तरी इथे ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटतं. गळ्याच्या करामती कमी, शब्दांना दिलेला वेळ जास्त.

त्याच उन्हाळ्यात तिचं कंबरेचं हाड दुखू लागलं. शाळांच्या भिंती रंगवताना शिडीवर तासन्‌तास बसल्याने असेल, असं तिला वाटलं. एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचं दिसलं आणि कारण निघालं कॅन्सर. तीन वर्षांपूर्वी पाठीवरचा एक घातक तीळ काढला होता. तोच त्वचेचा कॅन्सर हाडांत आणि फुप्फुसांत पसरला होता. सप्टेंबरमध्ये मित्रांनी तिच्यासाठी कार्यक्रम ठेवला. त्यात ती शेवटचं गायली, ते ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’. २ नोव्हेंबर १९९६ ला ईव्हा गेली. वय ३३. तिच्या हयातीत आलेला एकमेव सोलो अल्बम म्हणजे तो सर्दीतला.

१९९८ मध्ये तिच्या गाण्यांचं ‘साँगबर्ड’ हे संकलन निघालं. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ टूवर टेरी वोगनने तिची गाणी वाजवली आणि ही कोण, अशी विचारणा सुरू झाली. मग ब्लूज अ‍ॅलीत एका मित्राने साध्या कॅमकॉर्डरवर टिपलेलं ‘ओव्हर द रेनबो’ बीबीसी टीव्हीवर दाखवलं गेलं. मार्च २००१ मध्ये ‘साँगबर्ड’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. ईव्हाला जाऊन चार वर्षं उलटून गेली होती. पुढचे तिचे दोन अल्बमही तिथे पहिले आले. कप्पा कुठला, हे ऐकणाऱ्यांनी विचारलंच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कव्हर गाताना तो शेरा आलाच, तर वाद घालू नका. गाणं पूर्ण करा. आणि रेकॉर्डिंग करताना सर्दी झाली असेल, तरी लगेच डिलीट करू नका.