मोटारीला दृष्टी देणारे केटरिंग

नवी मुंबईतील खारघर हे नगर डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. मुंबईहून पनवेलकडे जाणारा शीव-पनवेल महामार्ग त्याच्या जवळून जातो. दिवस मावळला, की या रस्त्यावर दिव्यांच्या रांगा दिसू लागतात. समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे पांढरे आणि पुढे जाणाऱ्यांचे तांबडे. चालकाने एक कळ फिरवली, की रस्ता उजळून निघतो. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. ती सुलभ करणाऱ्यांत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची गणना प्रथम केली पाहिजे.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांची बुद्धी तल्लख होती, पण डोळे अधू होते. थोडा वेळ वाचन केले, की त्यांचे डोके दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातील शाळेत शिक्षकाचे काम केले व नंतर उच्च शिक्षणासाठी विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु डोळ्यांच्या विकाराने त्यांना अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागला.

दुसरा एखादा तरुण अशा वेळी खचून गेला असता. केटरिंग मात्र स्वस्थ बसले नाहीत. टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या मजुरांच्या टोळीत त्यांनी काम पत्करले आणि लवकरच ते त्या टोळीचे मुकादम झाले. मोकळ्या हवेत त्यांची प्रकृती सुधारली. विजेविषयीची त्यांची जिज्ञासाही वाढली. ते पुन्हा विद्यापीठात गेले. खोलीतील सोबती त्यांना पुस्तके मोठ्याने वाचून दाखवीत आणि ते एकाग्र चित्ताने ऐकून सर्व ध्यानात ठेवीत. अशा रीतीने १९०४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

त्यानंतर डेटन शहरातील एका कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. दुकानात जमा होणाऱ्या पैशांची नोंद करणारी यंत्रे तेथे तयार होत. ती हाताने दांडा फिरवून चालवावी लागत. केटरिंग यांनी त्यांना विजेची लहानशी मोटर जोडली. ही मोटर क्षणभरच चालावयाची होती. सतत चालणाऱ्या मोटरला जो भार सोसणार नाही, तो क्षणभर चालणारी लहान मोटर सहज पेलते, हे त्यांच्या ध्यानात आले. हाच विचार पुढे मोलाचा ठरला.

त्या काळी मोटार चालवणे हे कष्टाचे व धोक्याचे काम होते. इंजिन सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. ते उलट फिरले, तर मनगट मोडे किंवा जबड्याला इजा होई. रात्रीच्या प्रवासात तर आणखी एक अडचण असे. पुष्कळ मोटारींचे दिवे कार्बाइडवर पेटत. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले, की ॲसिटिलीन वायू निर्माण होई आणि काडी ओढून तो पेटवावा लागे. भर पावसात चालकाला गाडीखाली उतरून हे दिवे लावावे लागत. काही मोटारींना विजेचे दिवे होते. पण त्यांना अखंड वीज पुरवणे सोपे नव्हते.

केटरिंग व त्यांचे स्नेही एडवर्ड डीड्स यांनी डीड्स यांच्या घरामागील कोठारात प्रयोग सुरू केले. नोकरीचे काम आटोपल्यावर काही सहकारीही तेथे येत. या उद्योगातूनच डेल्को ही कंपनी जन्मास आली. कॅडिलॅक मोटारींचे कारखानदार हेन्री लेलँड यांना हँडलपासून सुटका हवी होती. ते काम केटरिंग यांनी अंगावर घेतले. इंजिन फिरवावयाचे तर त्याच्याएवढीच मोठी मोटर लागेल, असे कित्येक जाणकारांचे मत होते. केटरिंग यांना आपला जुना अनुभव आठवला. इंजिन सुरू होण्यास काही क्षणच पुरतात. तेवढ्यापुरता भार लहान मोटर सोसू शकेल, हे त्यांनी ओळखले.

१९११ च्या फेब्रुवारीत त्यांचे यंत्र मोटारीवर बसले आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ते ग्राहकांना मिळू लागले. त्याची रचना मोठी मनोरम होती. बॅटरी मोटरला वीज देई. मोटर इंजिन फिरवी. इंजिन चालू झाले, की तीच मोटर डायनामोचे काम करू लागे आणि बॅटरीला वीज परत देई. त्याच विजेवर दिवे लागत. सुरू होणे, चालणे आणि पाहणे या तिन्ही गोष्टी केटरिंग यांनी एका साखळीत गुंफल्या.

विजेचे दिवे सर्रास झाल्यावर त्यांच्या झोताने समोरच्या चालकाचे डोळे दिपू लागले. तेव्हा इतर अभियंत्यांनी एकाच दिव्यात दोन तारा बसवल्या. एकीचा झोत दूर जाई; दुसरीचा जवळच्या रस्त्यावर पडे. समोरून वाहन आले, की झोत खाली करावयाचा हा शिष्टाचार आजही पाळला पाहिजे.

१९२० ते १९४७ या काळात केटरिंग जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. याच कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. त्यांच्या विभागातील सर्वच शोध मात्र हितकारक ठरले नाहीत. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती तेथेच निघाली. त्या विषारी धुराने लोकांच्या आरोग्याची मोठी हानी झाली. भारतात असे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. यंत्राचा उपयोग पाहताना त्याच्या परिणामांचाही विचार केला पाहिजे, हा धडा यातून घ्यावयाचा.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग यांचे निधन झाले. अधू डोळ्यांमुळे ज्यांना पुस्तक वाचणे कठीण झाले होते, त्यांनीच लक्षावधी चालकांना काळोखात वाट दाखवली. शरीरातील उणीव भरून काढण्यास चिकाटी व सोबत्यांचे साहाय्य किती उपयोगी पडते, याचे त्यांचे चरित्र हे उत्तम उदाहरण आहे.