मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म : अंदाजे इ.स. १५४८, मृत्यू : मे, इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य वजीर व सेनानी होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या या पुरुषाने सुमारे पाव शतक मोगलांना दख्खनेत रोखून धरले.

पूर्वायुष्य

त्याचा जन्म इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. बगदादचा व्यापारी मीर कासीम याने त्याला शिक्षण दिले व अंबर हे नाव ठेवले. अरबी जगात गुलामांना सुगंधी द्रव्यांची व रत्नांची नावे देण्याची प्रथा होती. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. मलिक ही पदवी त्याला विजापूरच्या आदिलशाहीत मिळाली.

कारकीर्द

इ.स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. तेव्हा अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशाहास परांडा येथे गादीवर बसवले व आपली मुलगी त्यास दिली. मराठा घोडदळाच्या साहाय्याने त्याने गनिमी काव्याचा प्रभावी वापर केला. जमिनीची मोजणी व प्रतवारी करून महसूल ठरवण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. इ.स. १६१० मध्ये त्याने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे शहर वसवले. तेथील पाणीपुरवठ्यासाठी बांधलेली योजना नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते.

इ.स. १६१६ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील रोशनगावाजवळ शाहनवाझखानाच्या मोगल सैन्याने त्याचा पराभव केला व खडकीची नासधूस केली. या लढाईपूर्वी काही मराठा सरदारांप्रमाणे काही हबशी सरदारही मोगलांना मिळाले होते. त्या काळी निष्ठा केवळ वंशावर ठरत नव्हती, हे यावरून दिसते. इ.स. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मात्र त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले.

साहित्य व कलेतील प्रतिमा

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख त्याच्या वर्णावरून हिणवत केला आहे. अबुल हसनने काढलेल्या एका चित्रात बादशहा अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. परमानंदाच्या शिवभारतात भातवडीच्या लढाईचे वर्णन आहे. अंबरने स्वतः लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध नाही. त्यामुळे त्याचे जीवन मुख्यतः इतरांच्या, अनेकदा शत्रूंच्या, लेखनातून कळते. अलीकडच्या काळात आफ्रिकी स्थलांतरितांच्या इतिहासाचे अभ्यासक त्याच्याकडे नव्याने पाहू लागले आहेत.

त्याची कबर खुलदाबाद येथे आहे.