बोलपटातला न बोलणारा नायक

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो: भारताचा पहिला बोलपट कोणता? उत्तर सगळ्यांना पाठ आहे, 'आलम आरा', १९३१. दिग्दर्शक अर्देशिर इराणी हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्या बोलपटाचा नायक कोण, असं विचारलं तर वर्गात शांतता पसरते. तो नायक आपला मराठी माणूस होता, मास्टर विठ्ठल. या अंकासाठी मी त्यांच्यावर लिहितेय.

मूकपटांच्या काळात अमेरिकेत टॉम मिक्स नावाचा काउबॉय नट फार गाजला. घोडा, दोर, पिस्तूल आणि शेवटी दुष्टांचा पराभव. त्याचा टोनी नावाचा घोडासुद्धा प्रेक्षकांचा लाडका होता. त्याच सुमारास डग्लस फेअरबँक्स तलवार घेऊन गच्च्यांवरून उड्या मारत होता. हे चित्रपट मुंबईतही धो धो चालायचे. संवाद नसल्यामुळे भाषेची अडचणच नव्हती. गिरणीतला कामगार आणि कॉलेजातला विद्यार्थी, दोघांनाही उडी सारखीच कळायची. मग आपल्याकडेही तसे नायक हवेसे वाटू लागले. आपल्या मातीत काउबॉय कुठून येणार? पण घोडा, तलवार आणि राजवाड्यांच्या गोष्टी भरपूर होत्या.

विठ्ठल लहानपणीच नाटक मंडळीत काम करू लागले. तिथून ते कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. सुरुवातीला त्यांच्याकडे काम होतं संकलनाचं, म्हणजे फिल्म कापायचं आणि जोडायचं. पडद्यावर ते पहिल्यांदा दिसले १९२४ च्या 'कल्याण खजिना'मध्ये, आणि तेही नाचणारीच्या भूमिकेत! बायकांची कामं पुरुषांनी करायची रीत तेव्हा रंगभूमीवर होतीच, त्यामुळे याचं कोणाला फारसं नवल वाटलं नसावं.

पुढे ते मुंबईला गेले. तिथे १९२५ मध्ये शारदा फिल्म कंपनी सुरू झाली होती आणि तिचा भर साहसपटांवर होता. १९२६ च्या 'रतन मंजरी'मध्ये विठ्ठल नायक झाले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही. तलवारबाजी, घोडेस्वारी, मारामाऱ्या, सगळं ते पडद्यावर दणक्यात करायचे. लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत सर्वात जास्त पैसे घेणाऱ्या नटांमध्ये त्यांचं नाव होतं.

इराणींनी बोलपट काढायचं ठरवलं तेव्हा नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान यांचंही नाव होतं. हेच पुढे 'मदर इंडिया' करणारे मेहबूब. पण गर्दी खेचेल असं नाव हवं होतं, म्हणून विठ्ठल यांची निवड झाली. ते शारदाशी करारबद्ध होते, त्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं. तिथे विठ्ठल यांची बाजू मांडली मुंबईचे नामांकित बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी, आणि खटला जिंकलासुद्धा.

मग शूटिंग सुरू झालं. स्टुडिओजवळून रेल्वे जायची. तिचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर काम चालायचं. खरी अडचण मात्र निराळीच निघाली. चित्रपटाची भाषा होती हिंदुस्थानी, पारशी नाटकांच्या वळणाची, उर्दूच्या थाटाची. विठ्ठल यांच्या जिभेवर ती बसेना. शेवटी असा तोडगा काढला की नायक चित्रपटात बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत असतो. म्हणजे त्याला बोलायलाच नको!

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. एवढी गर्दी झाली की पोलीस बोलवावे लागले. लोक माणसांना पडद्यावर बोलताना आणि गाताना ऐकायला आले होते, आणि ज्याच्या नावासाठी करार मोडला, कोर्ट झालं, तो नायकच जवळजवळ गप्प होता.

हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग ते ओसरलं. आपण इंदूरची मराठी मुलं घरी मराठी, बाहेर हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतो. एखादी मुलगी घरी सगळ्यांना हसवून सोडते आणि इंग्रजी ग्रुप डिस्कशनमध्ये मान खाली घालून बसते. समोरच्यांना वाटतं, हिला काही येतच नाही. विठ्ठल यांचंही तेच झालं. त्यांचं अंग, त्यांची चपळाई होती तशीच होती. बदलली होती ती फक्त परीक्षेची भाषा.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९३३ मध्ये त्यांनी 'औट घटकेचा राजा' दिग्दर्शित केला, हिंदीत तो 'आवारा शहजादा' म्हणून आला. त्यात अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातले तरुण शाहू मोडक दुहेरी भूमिकेत होते. भारतीय बोलपटातल्या पहिल्या दुहेरी भूमिकांमध्ये तिची गणना होते. ज्यांना स्वतःला बोलू दिलं गेलं नाही, त्यांनी दुसऱ्याला एकाच चित्रपटात दोन माणसांचं बोलायला लावलं! पुढे विठ्ठल मराठी चित्रपटांत कामं करत राहिले. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्येही ते होते. तिथे तलवारही आपली होती आणि भाषाही.

१९६९ मध्ये ते गेले. आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. उरलेत ते काही फोटो आणि जाहिराती. त्यांचे बहुतेक मूकपटही असेच हरवले. त्यांची तलवार कशी चालायची हे आपल्याला कधीच बघता येणार नाही. निदान पुढच्या वेळी कोणी पहिल्या बोलपटाचा प्रश्न विचारला, तर उत्तरात हे नाव जोडा. आणि ग्रुप डिस्कशनमध्ये कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर त्याला त्याच्या भाषेत एकदा विचारून बघा.