नीलकंठशास्त्री गोऱ्हे : श्रद्धा आणि सत्कर्म

अठराव्या शतकात पेशव्यांचा अंमल बुंदेलखंडात पसरला, तेव्हा गोविंदपंत बुंदेले यांच्यासारख्या सरदारांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे त्या प्रांतात जाऊन राहिली. झाशी, जालौन, सागर, गुरसराय ही या वसाहतीची प्रमुख ठाणी होत. या कुटुंबांच्या घरात मराठी, बाहेर बुंदेली आणि शास्त्राध्ययनात संस्कृत असा त्रिविध भाषाव्यवहार चालत असे. याच मुलखात, काशीपुरा नावाच्या गावी, ८ फेब्रुवारी १८२५ रोजी नीलकंठ गोऱ्हे यांचा एका चित्पावन घराण्यात जन्म झाला. त्यांचे आजोबा बांद्याच्या नबाबाच्या दरबारी मोठ्या अधिकारपदावर होते. बांद्याची ही गादी पहिले बाजीराव व मस्तानी यांच्या वंशाची, म्हणजे मराठी सत्तेशी निगडित होती. पुढे गोऱ्हे कुटुंब काशीस आले आणि तेथेच नीलकंठांचे न्याय-व्याकरणाचे अध्ययन परंपरागत पद्धतीने झाले.

ख्रिस्ती जीवनात श्रद्धा आणि सत्कर्म यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्या धर्माइतकाच जुना आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो, अशी भूमिका घेतली. याकोबाच्या पत्राने कर्मावाचूनचा विश्वास निर्जीव ठरविला. सोळाव्या शतकात ल्यूथरने पहिल्या बाजूवर इतका भर दिला की, पाश्चात्त्य ख्रिस्ती जग त्यावरून दुभंगले. या वादाशी समांतर असा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नाही. श्रीवैष्णव आचार्यांनी वानराच्या व मांजराच्या पिलाचे दृष्टांत देऊन जीवाचा प्रयत्न व ईश्वराची कृपा यांचे नाते चर्चिलेच होते. तथापि नीलकंठशास्त्र्यांच्या बाबतीत हा प्रश्न ग्रंथातला न राहता आयुष्यभर पाठ न सोडणारा ठरला, आणि म्हणूनच त्यांच्या चरित्राचा विचार त्या अंगाने करणे उचित होय.

त्यांचा ख्रिस्ती मताशी पहिला संबंध प्रतिपक्षी म्हणून आला. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे काशीत उपदेश करीत असत. त्यांना निरुत्तर करावे या हेतूने हा तरुण शास्त्री त्यांच्याकडे गेला. जॉन म्यूर यांनी संस्कृतात रचलेल्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाचे खंडन करण्यासाठी त्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. परंतु खंडनासाठी हाती घेतलेल्या नव्या कराराने त्यांच्यावर वेगळाच परिणाम केला. त्यांचे मन प्रथम ओढले गेले ते डोंगरावरील प्रवचनातील आचारधर्माकडे. ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण ज्या पंथाने त्यांना दीक्षा दिली, त्याचा सारा भर केवळ विश्वासाने होणाऱ्या तारणावर होता. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यांना नहेम्या हे नाव मिळाले.

या निर्णयाचे मोल मोठे होते. जातीबाहेर पडणे म्हणजे केवळ पंक्तिव्यवहार तुटणे नव्हे. पुत्राने करावयाची सर्व कर्मे त्याबरोबर संपुष्टात येतात. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून ख्रिस्ती झाल्या. परंतु १८५३ मध्ये कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. कन्या एलेन लक्ष्मी हिचे संगोपन परक्या घरी झाले आणि तिचे शिक्षण इंग्लंडात. ती पुढे इंग्रजी स्तोत्रकार म्हणून प्रसिद्धीस आली व भारतात परतून सेवाकार्यात रमली; पण पित्याच्या सहवासाला ती बालपणीच अंतरली होती. श्रद्धेसाठी केलेला त्याग आणि त्या त्यागाची दुसऱ्यावर पडणारी झळ यांचा हिशेब कोणत्याही धर्मशास्त्राला सहजासहजी मांडता येणार नाही.

१८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांचे पंडित म्हणून ते इंग्लंडास गेले. तेथे त्यांची माक्स म्युलर यांच्याशी भेट झाली. म्युलरांनी पुढे आपल्या आठवणींत या भेटीचे जे वर्णन केले आहे, त्यावरून शास्त्रीबुवांचे मन किती विषण्ण झाले होते ते कळते. नव्या करारावरून त्यांनी ख्रिस्ती समाजाचे एक चित्र मनाशी रेखाटले होते. लंडनमधील व्यवहार त्याच्याशी कोठेच जुळत नव्हता, आणि हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, असे वाटण्यापर्यंत त्यांची मजल गेली. येथे त्यांनी लावलेली कसोटी सिद्धान्ताची नसून आचरणाची आहे. श्रद्धा खरी की खोटी हे कर्मावरून ओळखावे, ही याकोबाची कसोटी त्यांनी प्रत्यक्ष ख्रिस्ती राष्ट्रालाच लावली.

भारतात परतल्यावर त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ सिद्ध केला. तो १८६० मध्ये प्रसिद्ध झाला व फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पाप-पुण्य, कर्मफल व मोक्ष यांविषयीची दर्शनकारांची मते नैयायिकाच्या काटेकोरपणे तपासणारा हा ग्रंथ आहे. पुण्य साठवून मुक्ती मिळविता येते, ही कल्पना त्यांनी नाकारली. त्याचबरोबर ज्या अद्वैतात अंती पाप आणि पुण्य यांचा भेदच उरत नाही, तेही त्यांना मान्य नव्हते. ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्याशी त्यांनी केलेल्या वादातही हेच सूत्र आहे. पश्चात्ताप आणि सदाचरण पुरेसे आहे, या समाजांच्या मताला त्यांचा विरोध होता. त्यांच्या मते क्षमा ही मिळविण्याची नव्हे, स्वीकारण्याची वस्तू होती.

तरीही केवळ विश्वासाच्या घोषणेवर त्यांचे समाधान झाले नाही. ते हळूहळू अँग्लिकन पंथातील उच्च-चर्च विचाराकडे वळले. तेथे संस्कारविधी, उपवास आणि संयम यांना स्थान होते. १८६८ मध्ये त्यांना उपाध्यायपदाची पहिली दीक्षा मिळाली व १८७० मध्ये ते पुरोहित झाले. काउली फादर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघात ते १८७६ मध्ये इंग्लंडात उमेदवार म्हणून दाखल झाले. मात्र अखेरचे व्रत त्यांनी घेतले नाही. इंदूर, पुणे, मुंबई येथे त्यांनी अत्यंत साध्या राहणीने कार्य केले. पुण्यसंचयाचा सिद्धान्त सोडलेल्या या शास्त्र्याने तपस्व्याची जीवनरीती मात्र सोडली नाही. तिचा अर्थ तेवढा पालटला: पूर्वी जे फलाचे साधन होते, ते आता मिळालेल्या कृपेचे ऋण मानणे झाले.

या निष्ठेला शांतीची जोड मिळाली असे मात्र म्हणता येत नाही. शंका आणि आत्मपरीक्षण यांनी त्यांना अखेरपर्यंत छळले. जो युक्तिवाद ते इतरांसाठी निर्णायकपणे मांडीत, तो स्वतःला आश्वस्त करण्यास पुरेसा पडत नसे. श्रद्धेचा अनुभव क्षीण झाला असतानाही त्यांनी नेमलेले कार्य टाकले नाही. श्रद्धा आणि कर्म यांचे नाते त्यांच्या चरित्रात सर्वाधिक स्पष्टपणे येथेच दिसते: श्रद्धेतून कर्म निघते हे तर खरेच, पण श्रद्धा डळमळते तेव्हा कर्मच तिला धरून ठेवते.

त्यांच्या युक्तिवादाचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे पंडिता रमाबाई. पुण्यात त्यांच्याशी परिचय झालेल्या रमाबाईंना बुद्धीची खात्री पटली ती गोऱ्ह्यांच्या लेखनाने. परंतु त्यांचे मन प्रथम हलले ते लंडनजवळच्या फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांची जोगिणींनी चालविलेली सेवा पाहून. ज्या इंग्लंडात गुरूंना आचरणाचा अभाव दिसला, तेथेच शिष्येला आचरणाचा पुरावा सापडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला धर्म लाभला, परंतु ख्रिस्त लाभला नव्हता, ही जाणीव त्यांना पुढे काही वर्षांनी झाली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदासदन गोऱ्ह्यांच्या हयातीतच उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगाव येथे झालेले मुक्तिसदन मात्र त्यांनी पाहिले नाही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

संस्कृतात स्वधर्माचे मंडन, हिंदीत दर्शनांचे परीक्षण, मराठीत व इंग्रजीत सुधारकांशी संवाद, असा त्यांच्या लेखनाचा विस्तार आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने तो एकत्र वाचावयास हवा. त्या सर्व लेखनातून एकच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत विचारला गेला आहे: ईश्वरापुढे मनुष्याच्या हाती काय असते? ग्रंथांतून त्यांनी कृपेच्या बाजूने उत्तर दिले. जगताना त्यांनी हात कधी रिकामे ठेवले नाहीत.